झुंबरबाईंच्या पोटात मी काय पाहिलं

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, पण गडावर नेऊन डोळ्याला लावायची ती नव्हे. शिवनेरीवरून माणिकडोह धरणाचं पाणी बघायचं असेल तर दुसरी शोधा. मी माणसाच्या तोंडातून आत शिरते, अन्ननळी, जठर आणि त्यापुढचं आतड्याचं पहिलं वळण बघते आणि आल्या वाटेने परत येते. अंगाने मी करंगळीएवढी जाड, लांबीला मीटरभर आणि रंगाने काळी. मला पहिल्यांदा बघणारा माणूस हटकून दचकतो. "ही एवढी आख्खी आत जाणार?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की एखाद्याने चुकून "या, बसा" म्हटलं असतं तर मला भरून आलं असतं.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात केसाहून बारीक असे काचेचे हजारो तंतू आहेत. काही तंतू दिव्याचा उजेड आत नेतात आणि बाकीचे आतलं चित्र बाहेर आणतात. माझ्या दुसऱ्या टोकाला एक भिंग आहे. डॉक्टर त्याला डोळा लावतात, की मी जे बघते ते त्यांना दिसतं. एका वेळी एकालाच, बरं का. घोळका करून बघायची सोय माझ्यात नाही.

सुरुवातीची वर्षं मी पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात काढली. मग तिथे टीव्हीच्या पडद्यावर चित्र दाखवणारी नवी यंत्रं आली आणि माझा भाव एकदम उतरला. १९९६ साली डॉ. वृषाली ढोबळे मला ओतूरला घेऊन आल्या. एस.टी. स्टँडच्या मागे त्यांचा चार खाटांचा लहानसा दवाखाना होता. तोवर या भागातल्या माणसाला पोट आतून दाखवायचं तर पुणं गाठावं लागे. त्यामुळे ओतूरला माझं असं कौतुक झालं, की नवी नवरीही लाजली असती. बाजाराच्या दिवशी लोक नुसते मला बघायला दारात डोकावून जात.

माझी सगळी काळजी जुन्नरच्या नूरजहाँताईंकडे होती. त्या रोज पहिल्या गाडीने यायच्या. एक पेशंट झाला, की मला साबणाच्या पाण्यात घालायच्या, आतल्या पोकळीतून लांब ब्रश फिरवायच्या आणि मग उग्र वासाच्या औषधात बुडवून ठेवायच्या. घड्याळात वेळ भरल्याशिवाय दुसऱ्या पेशंटला मला हात लावू द्यायच्या नाहीत, मग बाहेर कितीही खोळंबा होवो. डॉक्टरांनी घाई केली तरी म्हणायच्या, "म्याडम, एकाचं दुखणं दुसऱ्याला वाटायला आपण काय परसाद वाटतोय का?"

आता जे सांगणार आहे ते २००१ सालच्या माघातलं आहे. इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझ्या आतल्या तारा आखडतात.

बोरी बुद्रुकच्या झुंबरबाई आल्या होत्या. वय साठीचं, गुडघे धरलेले, चेहरा भाकरीच्या पिठासारखा पांढुरका. तीन महिने पोटात आग पडत होती आणि आठवडाभर शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. सोबत त्यांचा मुलगा सूरज होता. तो आळेफाट्यावर एका गॅरेजात कामाला होता. त्याची बायको अक्षदा पिशवी घेऊन भिंतीशी उभी होती. तिचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, भीमाशंकराकडचं तळेघर. बाक रिकामा होता, पण ती काही बसली नाही आणि तिला कोणी बस म्हटलंही नाही.

नूरजहाँताईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. "मावशी, रातच्यापासून काय खाल्लं-प्यायलं?"

"पाण्याचा थेंब न्हाई, बाय."

"औषधं-गोळ्या कसल्या चालू?"

"न्हाई."

"तोंडात कवळी?"

"माझं दात माझंच हायेत," झुंबरबाई म्हणाल्या आणि पुरावा म्हणून दाखवलेही.

मित्रांनो, झुंबरबाई यातलं एकही अक्षर खोटं बोलत नव्हत्या. निदान त्यांच्या समजुतीप्रमाणे तरी नाही.

तेवढ्यात सूरजने डॉक्टरांना हळूच विचारलं, "म्याडम, पोटात केसांचा गुंडा असंल, तर यातनं दिसंल ना?"

"कसला गुंडा?"

मग एकेक बाहेर पडलं. दिवाळीला अक्षदाच्या आईने तळेघरहून करंज्या पाठवल्या होत्या. त्या खाल्ल्या आणि झुंबरबाईंचं पोट दुखायला लागलं. देवऋषीने तांदळाचे दाणे टाकून सांगितलं, की विहिणीने खाण्यातून करणी घातली आहे, केसांचा गुंडा पोटात बसला आहे. "आमाला तेवढा दाखवा फकस्त," सूरज म्हणाला, "मंग हिला आजच्या आज म्हायेरी पोचिवतो. कायमची."

मी खुंटीवर लटकले होते ती तिथेच गारठले. आजवर मला लोकांनी आजार शोधायला आत पाठवलं होतं. कुणाचा संसार मोडायला पुरावा आणून दे, असं कोणी सांगितलं नव्हतं. आणि जिचा संसार मोडायचा ती समोर, पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत उभी होती.

डॉक्टरांचा आवाज चढला नाही. "जे असेल ते मी सांगेन. नसलेलं दाखवणार नाही. जा, पडद्याबाहेर थांबा दोघं."

झुंबरबाईंच्या घशात कडू औषधाचा फवारा मारला. घसा बधिर होतो, आवंढा गिळवत नाही, जीव घाबरतो; पण नूरजहाँताई प्रत्येकाला आधीच सगळं सांगून ठेवत. "मावशी, डाव्या कुशीवर व्हा. दातांत हे गोल कडं धरा. नळी जेवणाच्या वाटंनं जाती, श्वासाची वाट येगळी हाय. नाकानं श्वास घ्या. उमासे येतील, ढेकर येतील, लाज धरू नका. लाळ गिळायची न्हाई, गालावरनं वाहू द्या. पाच-सात मिनिटांचं काम हाय." त्यांचा एक हात पेशंटच्या पाठीवर असायचा. निम्मी भीती त्या हातानेच जायची.

मी आत शिरले. अन्ननळी बरी होती. पुढे जठराचं तोंड उघडलं आणि समोर सगळं काळं!

"रक्त साचलंय," डॉक्टर पुटपुटल्या. मग त्या काळ्या पाण्यात पांढरे तुकडे तरंगताना दिसले. रक्तात पांढरे तुकडे कुठले? आम्ही दोघी अजून विचारच करत होतो, तोच ते सगळं जठर एकदम मुठीसारखं आवळलं आणि आतलं होतं नव्हतं ते माझ्या अंगावरून वर उसळलं. झुंबरबाईंच्या घशातून घरघर आली आणि मग घरघरही थांबली. ओठ जांभळे पडायला लागले.

त्याच क्षणी पडदा सरकला. "म्याडम, आत्यांनी सकाळी नारळ खाल्लाय!" अक्षदा ओरडत होती. "गूळ-खोबरं, आन् तांब्याभर अंगाऱ्याचं पाणी!"

"गप! तुला कोणी इचारलं?" मागून सूरज गरजला.

डॉक्टरांनी मला सरकन बाहेर ओढलं. माझ्या आतल्या पोकळीतून घाण ओढून घ्यायची सोय असते, पण तिथे खोबऱ्याचा तुकडा अडकून बसला होता. ऐन वेळी मी कुचकामी ठरले, हे मला आजही खातं. नूरजहाँताईंनी खाटेचं डोकं खाली केलं, झुंबरबाईंची मान कलती केली, बोट घालून तोंडातला लगदा काढला. डॉक्टरांनी दुसऱ्या जाड नळीने उरलेलं ओढून घेऊन घसा मोकळा केला आणि नाकातोंडावर ऑक्सिजन धरला.  मी फरशीवर पडून त्या जांभळ्या ओठांकडे बघत होते. मग एकदाचा खोकला आला. दुसरा आला. आणि झुंबरबाईंनी विहिरीतून वर आलेल्या माणसासारखा श्वास ओढला.

त्यानंतर डॉक्टर ज्या कडाडल्या! "मी बजावून सांगितलं होतं ना, काही खायचं-प्यायचं नाही? आत्ता गेल्या असत्या त्या, माझ्या हातावर!"

सूरजचा चेहरा उतरला होता. "पर म्याडम, ते खाणं कुठं व्हतं? परसाद व्हता. नळी घालायच्या आधी दिला, की करणी वर येती म्हणला देवऋषी."

ऐकलंत, मित्रांनो? पोटाला काय ठाऊक, की हे खोबरं देवाचं आणि ते आमटीतलं? जठर भरलेलं असलं आणि उमासा आला, की आतलं अन्न श्वासाच्या वाटेने फुप्फुसात उतरतं. म्हणून सहा-आठ तास पोट रिकामं ठेवायचं असतं, उगाच छळायला नव्हे.

सूरज बायकोकडे वळला. "तुला ठावं व्हतं, तर आधी का न्हाई बोललीस?"

"बोलले असते तर तुमी काय म्हणला असता?" अक्षदा म्हणाली.  "तपासणी व्हऊ नाय म्हणून आडवी येती, आसंच ना? आत्यांचा आवाज बंद झाला तवा ऱ्हावलं न्हाई."

 नूरजहाँताई फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "चूक माझीबी हाय. आमच्यातली माणसं दर्ग्यावरचं फुंकलेलं पाणी पिऊन येत्यात आन् म्हणत्यात, काय घेतलं न्हाई. मला कळायला पायजे व्हतं." त्या दिवसापासून त्यांनी आपला प्रश्नच बदलला. खाल्लं का, प्यायलं का, एवढ्यावर त्या थांबायच्या नाहीत. देवाचं, दर्ग्याचं, दुकानातलं, शेजारणीनं दिलेलं, ओठांच्या आत काय काय गेलं ते सांगा, म्हणायच्या. आणि पेशंटपेक्षा त्याच्याबरोबर आलेल्या गप्प माणसाला आधी विचारायच्या.

झुंबरबाईंना ताप भरला. चार दिवस इंजेक्शनं आणि ऑक्सिजन चालला. या चार दिवसांत त्यांना उठवणं, पुसणं, पेज भरवणं अक्षदाच करत होती, आणि झुंबरबाई तिच्या हातची पेज घेताना प्रत्येक घोटाआधी वाटीत निरखून बघत होत्या. हे नूरजहाँताईंनी मला धुताना सांगितलं. मला धुताना त्या स्वतःशीच बोलायच्या, पण ऐकणारी मीच. माझ्या मनात आलं, की आता तरी काही सापडू नये. आणि लगेच वाटलं, काहीच सापडलं नाही तरी ही माणसं मानतील का?

पाचव्या दिवशी मी पुन्हा आत गेले. या खेपेला पोट स्वच्छ होतं. झुंबरबाईंनी आपणहून सांगितलं होतं, "आंगारा कपाळाला लावलाय, बाय. गिळला न्हाई." डॉक्टरांनी हवा भरून जठर फुगवलं. जठराच्या गुलाबी अस्तराच्या घड्या उलगडल्या आणि खालच्या बाजूला मला जखम दिसली. नाण्याएवढी, तळाशी पांढरट आणि मध्ये काळा ठिपका. रक्त तिथूनच वाहून गेलं होतं. केस नव्हता. गुंडा नव्हता. डॉक्टरांनी मला उलटसुलट वळवून कोपरान् कोपरा पाहिला.

"सूरज, आत ये. तुझी आई गुडघ्यांसाठी काही घेते का?"

"न्हाई बा."

"घेत्यात," त्याच्यामागून अक्षदा म्हणाली. "दिवाळीला कांद्याची लागण निघाली तवापासनं. किराणा दुकानातली दुखण्याची गोळी. सकाळी चहासंगं दोन, संध्याकाळी दोन. कनवटीला असत्यात."

नूरजहाँताईंनी झुंबरबाईंची कनवटी चाचपली. गोळ्यांची अख्खी पट्टी निघाली. झुंबरबाईंच्या लेखी ते औषध नव्हतंच. औषध म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेलं; दुकानात तंबाखूच्या पुडीशेजारी मिळतं ते औषध कसं असेल?

"हीच ती करणी," डॉक्टर म्हणाल्या. "उपाशीपोटी ह्या गोळ्या खाऊन जठराला भोक पडायची वेळ आली. ये सूरज, तुझ्या डोळ्यांनी बघ. तुला पुरावा पाहिजे होता ना?"

सूरज एक पाऊल मागे सरला. पाच दिवसांपूर्वी गुंडा दाखवा म्हणणारा हा गडी आता माझ्या भिंगाला डोळा लावायला तयार होईना. आणि मग जे झालं त्याची मला कल्पनासुद्धा नव्हती. अक्षदा पुढे आली. "म्याडम, मी बघू?"

नियमात ते बसत नव्हतं. तरी डॉक्टरांनी मला आतच धरून ठेवलं आणि तिला वाकू दिलं. तिची पापणी माझ्या भिंगावर फडफडत होती. ती शोधत होती. कितीतरी वेळ शोधत होती.

"कुठाय?" तिने विचारलं.

"ती पांढरी जखम, खाली बघ."

"ती न्हाई. ते... आईनं घातलेलं."

 डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तुला पण वाटत होतं?"

अक्षदाने डोळा काढला नाही. जणू आमच्याकडे न बघताच तिला बोलता येणार होतं. "तीन महिनं समदी घरात तेच म्हणत्यात. रोज ऐकून ऐकून मलाबी वाटाया लागलं, की आसंलबी. संक्रांतीला आई आल्ती. डोक्यावर तांदळाचं गठुडं, चालून चालून पाय सुजल्यालं. मी तिला दारातनं परत लावली, म्याडम. पानीबी इचारलं न्हाई. आई म्हणली, आगं माझं काय चुकलं? मी दार लावून घेतलं."

मी दगड झाले. सासूने संशय घेतला, नवऱ्याने घेतला, हे मी पचवलं होतं. पण हा संशय लेकीच्या पोटात शिरला होता आणि तिथवर माझी नळी पोचणारी नव्हती.

मित्रांनो, एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. ह्या तपासणीत आमच्याकडे पेशंटला बहुतेक वेळा गुंगी देत नसत. तोंडात नळी असते म्हणून त्याला बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. झुंबरबाई डाव्या कुशीवर पडून हे अक्षर न् अक्षर ऐकत होत्या. आणि मी त्यांच्या आत होते. त्यांचं जठर एकदा आवळलं, थांबलं, परत आवळलं. उमासा मला ओळखू येतो. हा उमासा नव्हता. हुंदका आतून कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं.

डॉक्टरांनी जखमेच्या कडेचा तिळाएवढा तुकडा तपासायला घेतला. त्याने काही दुखत नाही. पुढे तो तुकडा साधा निघाला, कर्करोगाचा नव्हता. मग मला सावकाश बाहेर काढलं. नूरजहाँताईंनी मला बादलीत ठेवलं आणि झुंबरबाईंना उठवून बसवलं. "घशाचा बधिरपणा जाईस्तोवर तासभर पाणी न्हाई हां मावशी. ठसका लागंल."

झुंबरबाईंच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती. जीभ जड झालेली. त्यांनी सुनेकडे बोट केलं आणि बोबड्या आवाजात म्हणाल्या, "सुऱ्या, हिला म्हायेरी धाड. आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरांच्या हातातलं पेन खाली पडलं. नूरजहाँताई जागच्या जागी थिजल्या. एवढं सगळं डोळ्यांदेखत होऊनही?  अक्षदाने पिशवी उचलली.

"आये, आता काय केलं तिनं?" सूरज पहिल्यांदाच बायकोच्या बाजूने बोलला.

"दुपारची गाडी गावंल तिला," झुंबरबाई म्हणाल्या. पदराने तोंड पुसलं, पुन्हा लाळ आली, पुन्हा पुसलं. "म्हणावं, इहीणबाईला संगं घिऊन ये. माझं गुडघं त्या चढाला जायचं न्हाईत, न्हाईतर मीच गेले असते पाय धराया."

अक्षदा खाली बसली. फरशी ओली होती तिथेच बसली आणि मोठ्याने रडली. सूरज तिला उठवायला वाकला, पण त्याला उठवता येईना.

ती त्याच गाडीने गेली आणि तिसऱ्या दिवशी आईला घेऊन आली. वॉर्डात काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. नूरजहाँताई एवढंच म्हणाल्या, की दोघी विहिणी बराच वेळ एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या आणि मग भाताचा विषय निघाला.

पुढे माझे काचेचे तंतू एकेक करून तुटत गेले. एक तंतू तुटला, की चित्रात एक काळा ठिपका वाढतो. २००७ साली दवाखान्यात पडद्याचं नवं यंत्र आलं आणि मी कपाटात आले. नूरजहाँताई निवृत्त होईपर्यंत महिन्यातून एकदा मला पुसायच्या. आता कोणी पुसत नाही. नव्या मुली येतात, विचारतात हे काय आहे, आणि कपाट लावून घेतात. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण मित्रांनो, माझं एक ऐका. तुमची आजी, काका, कोणीही या तपासणीला निघालं तर त्यांच्याबरोबर जा. पोटात काय गेलं आणि कनवटीला कोणत्या गोळ्या आहेत ते त्यांच्या वतीने सांगा. हृदयाच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या, साखरेच्या, सगळ्या सांगा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करू नका. गुंगी दिली असेल तर त्या दिवशी त्यांना गाडी चालवू देऊ नका. घरी आल्यावर पोटात कळा आल्या, रक्ताची उलटी झाली, शौचाला काळं झालं, ताप आला किंवा धाप लागली तर उजाडायची वाट न बघता दवाखाना गाठा. मला घाबरू नका. मी पाच-सात मिनिटांची पाहुणी आहे.

आणि घरात कुणाबद्दल संशय असेल, तर तो तोंडाने बोलून टाका. अक्षदाची आई त्या संक्रांतीला, आपलं काय चुकलं ते न कळताच, एस.टी.च्या फाट्यापर्यंत उपाशी चालत गेली होती.